फोटोतला उजेड कोणाचा?

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

वय ३७, फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. पाच महिन्यांपूर्वी सकाळच्या लोकलमध्ये उजव्या डोळ्यात कचरा गेला, म्हणून तो डोळा मिटला. तेव्हा डाव्या डोळ्याला खिडकीचे गज मधोमध वाकलेले दिसले. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला, पण गज काही सरळ झाले नाहीत. शेवटी डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी, ओसीटी (प्रकाशाने काढलेलं पडद्याच्या थरांचं चित्र) आणि 'ऑटोफ्लुरोसन्स' नावाचा काळा-पांढरा फोटो झाला. निदान झालं 'कोरॉइडल हिमँजिओमा', म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नव्हे. गाठीमुळे पडद्याखाली थोडं पाणी साचलं आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं, किंवा 'पीडीटी' नावाचे लेसर उपचार घ्यायचे.

दीर औषध कंपनीत एमआर आहेत. त्यांनी व्हॉट्सॲपवर तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, हे चमकतंय. चमकणारी गाठ म्हणजे मेलानोमा, कॅन्सरच. सुई घालून तुकडा तपासा." नवरा म्हणतो, थेट परळला कॅन्सरच्या हॉस्पिटलात जाऊ. सासरे म्हणतात, नणंदेचं लग्न जमेपर्यंत कुठे बोलू नका, 'ट्युमर' हा शब्दच वाईट. स्वतः वाचक लिहितात: "साधी गाठ असेल तर थांबायला काय हरकत आहे? पण फोटोतला तो पांढरा उजेड डोळ्यांपुढून जात नाही. दर महिन्याला तोच फोटो काढून घेऊ का? आणि घरच्यांपैकी कोणाचं ऐकू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं. तीसेक वर्षं मी महापालिकेच्या हॉस्पिटलात डोळ्यांची ओपीडी केली, त्यामुळे ती सवय जात नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पत्रातली प्रत्येक व्यक्ती त्या एकाच फोटोकडे पाहते आहे आणि प्रत्येकाला त्यात आपापली भीती दिसते आहे. तुमचे डॉक्टर मी नाही आणि तुमची फाइलही मी पाहिलेली नाही. पण रिपोर्टमधली दोन वाक्यं तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे बरं केलंत: 'गाठीच्या जागेवर विखुरलेली वाढीव स्वयंदीप्ती, खालच्या बाजूला उजळ पट्टा, अधूनमधून बारीक काळे ठिपके.' एवढ्यावर बरंच बोलता येतं.

आधी तो फोटो कसा निघतो ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्याला टेकून, त्याच्या मागे, पेशींचा एकच पातळ थर असतो. रंगद्रव्य असलेला हा थर पडद्याची मोरी आणि कोठीघर दोन्ही सांभाळतो. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली टोकं झिजवून टाकतात आणि हा थर ती गिळून पचवतो. रोज, आयुष्यभर. पण सगळंच पचत नाही. कितीही घासलं तरी जुन्या कढईच्या बुडाला तेलाचा कीट राहतोच, तसा या पेशींत पिवळसर कीट साचत जातो. त्याला लिपोफ्युसिन म्हणतात. या किटावर निळा प्रकाश टाकला, बऱ्याच मशिनांत ४८८ नॅनोमीटरचा, तर तो स्वतःच मंद पिवळा प्रकाश परत देतो. शिरेत इंजेक्शन नाही, बाहेरून रंग नाही, क्ष-किरण नाहीत. कॅमेरा फक्त तो परत आलेला प्रकाश टिपतो. म्हणून नाव ऑटोफ्लुरोसन्स, आपल्या भाषेत स्वयंदीप्ती.

म्हणजे हा फोटो त्या किटाचा नकाशा आहे. जिथे कीट जास्त तिथे उजळ, जिथे पेशीच मेल्या तिथे काळं. निरोगी डोळ्याच्या फोटोतही काळ्या जागा असतात. डोळ्याची नस आत शिरते तिथे हा थरच नसतो, म्हणून तो गोल काळाकुट्ट दिसतो. रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या दिसतात, कारण रक्त प्रकाश शोषून घेतं. आणि मधोमध, जिथे आपली सर्वांत तीक्ष्ण नजर असते, तिथेही सावली दिसते, कारण तिथलं पिवळं रंगद्रव्य निळा प्रकाश गिळतं. हे मुद्दाम सांगते. असे फोटो घेऊन घाबरलेली माणसं माझ्याकडे येत आणि नेमकं त्या नशीवर बोट ठेवून विचारत, "हे काळं काय आहे?"

आता तुमची गाठ. कोरॉइड म्हणजे पडद्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर. या थरात रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा एक पुंजका झाला की त्याला हिमँजिओमा म्हणतात. तो जन्मापासूनच असावा असं मानतात, पण बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान केव्हातरी कळतो, कारण तोवर तो गप्प असतो. त्या पुंजक्यात रक्त आहे, कीट नाही. म्हणजे तुमची गाठ स्वतः चमकतच नाही. चमकतो तो तिच्या वरचा थर.

भाऊजींना हे सांगा, पण जरा प्रेमाने. त्यांचं अर्धं बरोबर आहे. मेलानोमावरच्या थरातही कीट साचतो आणि तोही या फोटोत झगझगीत दिसतो. डोळ्यांचे डॉक्टर त्याची दखल घेतात ते खरंच. पण दोन वेगवेगळ्या घरांच्या छतांतून पाणी गळत असेल, तर ओल दोन्हीकडे सारखीच दिसते. ओलीवरून वरच्या मजल्यावर कोण राहतं ते ओळखता येत नाही. खालून गाठीचा दाब आला, मध्ये पाणी साचलं, की तो थर वैतागतो. पडद्याची झिजलेली टोकं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, तिथेच तरंगत राहतात आणि चमकतात. उजेड हा या वैतागाचा आहे. वैताग मेलानोमाने दिला की हिमँजिओमाने, ते एकटा हा फोटो सांगू शकत नाही.

मग गाठीचं नाव कशावरून ठरतं? तुमच्या बाबतीत ते सोनोग्राफीने बरंचसं ठरवलेलं दिसतं. ध्वनिलहरी आत सोडल्या की प्रत्येक भिंतीवर आदळून त्यांचा प्रतिध्वनी येतो. हिमँजिओमा म्हणजे जणू चाळ: खोल्याच खोल्या, भिंतीच भिंती. प्रतिध्वनी भरपूर. मेलानोमा म्हणजे एकसारख्या पोत्यांनी गच्च भरलेलं गोदाम, आत भिंती नाहीत, म्हणून प्रतिध्वनी कमी. तुमच्या रिपोर्टात 'अंतर्गत परावर्तन जास्त' असं लिहिलं आहे, ते हेच. डॉक्टरांनी आत पाहिलं तेव्हा गाठ केशरी-लाल होती, तपकिरी किंवा राखाडी नव्हती, असंही तुम्ही लिहिलं आहे. हाही हिमँजिओमाच्या बाजूचा पुरावा. तरीही शंका राहिलीच तर एक तपासणी आहे: 'आयसीजी' नावाचा हिरवा रंग शिरेत सोडून काढलेली अँजिओग्राफी. हिमँजिओमा पहिल्या मिनिटाच्या आसपास लखलखून भरतो आणि शेवटच्या फोटोंत रंग धुऊन गेल्यासारखा फिका पडतो. भरणं आणि रिकामं होणं, ही त्याची खूण. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं, कारण त्या रंगात आयोडीन असतं.

सुई घालून तुकडा काढणं? रक्ताने भरलेल्या गाठीला डोळ्याच्या आत टोचायचं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेण्याचा धोका. बाकीच्या तपासण्या एकमेकींशी जुळत असताना त्याची सहसा गरज पडत नाही. पूर्वी ही साधनं नसताना मेलानोमाच्या संशयाने काही डोळे काढून टाकले गेले आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की आत साधा हिमँजिओमा होता. आपण त्या काळात नाही, एवढं पुरे.

आता तुमच्याशी थोडा वाद घालते. राग मानू नका.

घरातल्या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांनी न बोलता मान्य करून टाकली आहे: कॅन्सर असेल तर धावा, नसेल तर निवांत. भाऊजींनाही तेच वाटतं, तुम्हालाही तेच. फरक एवढाच की ते पहिल्या बाजूला उभे आहेत आणि तुम्ही दुसऱ्या. 'साधी गाठ असेल तर थांबायला काय हरकत आहे', हे तुमचंच वाक्य. मला याच वाक्याची धास्ती आहे. हिमँजिओमा यकृतात जात नाही, फुप्फुसात जात नाही, जीव घेत नाही, हे खरंच. पण डोळ्याला जीव घेण्याशी कर्तव्य नसतं, त्याला पाण्याशी कर्तव्य असतं. नजरेच्या मध्यबिंदूखाली पाणी महिनोन्‌महिने राहिलं की वरच्या पेशी उपाशी मरतात. मग पाणी आटलं तरी नजर परत येत नाही.

लालबागचा एक शिंपी मला अजून आठवतो. त्याला कोणीतरी कुठेतरी सांगितलं होतं, "साधी गाठ आहे, काही करायला नको." तेवढं धरून तो दोन वर्षं बसला. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा बायकोकडून ओवून घ्यायचा. आमच्याकडे आला तेव्हा पाणी होतं, गाठही होती. उपचार झाले, पाणी उतरलं, गाठही बसली. नजर मात्र होती तिथेच राहिली. त्याच्या फोटोत मधला भाग उजळ नव्हता. काळा होता.

म्हणून तुमच्या रिपोर्टमधल्या 'उजळ' या शब्दाने मला उलट थोडं बरं वाटलं. वैतागलेला थर उजळ दिसतो. मेलेला थर काळा. तुमच्याकडे बहुतेक उजळ आहे आणि काळे ठिपके बारीक व तुरळक आहेत, म्हणजे थर त्रासात आहे पण बराचसा जिवंत असावा. खालचा उजळ पट्टा म्हणजे उभं राहिल्यावर पाणी ज्या वाटेने खाली ओघळतं ती वाट असण्याची शक्यता मोठी. तो काळा पडलेला नाही, उजळ आहे, म्हणजे पाणी फार जुनं नसावं. जो उजेड रात्री तुमच्या डोळ्यांपुढे येतो, तो माझ्या हिशेबाने 'अजून वेळ आहे' असं सांगतोय. आणि वेळ आहे याचा अर्थ वेळ घालवा असा नव्हे. फोटो न पाहता मी हे लिहिते आहे, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न विचारा: "काळे ठिपके मध्यबिंदूपासून किती लांब आहेत?" त्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.

थांबायचं की पीडीटी घ्यायची, याबद्दल माझं मत आता तुम्हाला कळलंच असेल. ज्याला काहीच त्रास नाही, सहज तपासताना गाठ सापडली, पाणी नाही, त्याने थांबावं. तो थांबणं हाच उपचार. तुम्हाला पाच महिने गज वाकडे दिसत आहेत. चष्म्याच्या दुकानात तुमचा नंबर प्लसकडे सरकला असं लिहिलंत, तेही गाठीने आणि पाण्याने पडदा पुढे ढकलल्याची खूण असू शकते. तुमच्या जागी मी असते तर तीन महिने थांबण्याचा पर्याय स्वीकारण्याआधी डॉक्टरांना विचारलं असतं, "थांबल्याने मला काय मिळणार?" उत्तर पटलं तर थांबा. 'बघू' एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पीडीटी म्हणजे काय, हे घरी समजावून सांगायला सोपं जावं म्हणून लिहिते. व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध दहा मिनिटांत शिरेतून देतात. ते गाठीच्या रक्तवाहिन्यांत जमतं. औषध सुरू केल्यापासून पंधरा मिनिटांनी ६८९ नॅनोमीटरचा लाल, थंड लेसर सहसा ८३ सेकंद गाठीवर धरतात. हा लेसर जाळत नाही. औषध चेतवतो आणि त्या वाहिन्या आतून बंद होत जातात. वरचा पडदा बराचसा वाचतो, म्हणून मध्यबिंदूजवळच्या गाठीला हा उपचार सोयीचा. कधी एकदाच पुरतो, कधी पुन्हा करावा लागतो. पहिले काही दिवस नजर थोडी अधिक धूसर झाली तर घाबरू नका, पण फोन जरूर करा. यकृताचा आजार असेल, पोर्फिरिया हा दुर्मीळ आजार असेल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर आधी सांगा.

खरी कसोटी नंतरच्या दिवसांची. औषध अंगात असेपर्यंत कातडी आणि डोळे उन्हाला हळवे होतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा दोन ते पाच, थेट ऊन टाळायचं. मुंबईत हे बोलायला सोपं आहे. डोंबिवली स्टेशनच्या पुलावरचं दुपारचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. म्हणून उपचार संध्याकाळकडे घ्या, शुक्रवारी घेता आले तर उत्तम, परतीला रिक्षा किंवा टॅक्सी, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी, काळा गॉगल. सनस्क्रीन लावून बाहेर पडू नका. ते अतिनील किरण अडवतं, इथे त्रास साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो. मात्र घरात अंधार करून बसू नका. घरातल्या साध्या दिव्यांचा उजेड औषध हळूहळू निष्प्रभ करायला उलट मदतच करतो. त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ नका, त्यांचा दिवा प्रखर असतो. हे औषध सगळीकडे, सगळ्या वेळी मिळत नाही. रजा टाकण्याआधी हॉस्पिटलला फोन करून ते हातात आलंय का ते विचारा, आणि मेडिक्लेमवाल्यांनाही आधीच.

दुसरे मार्गही आहेत. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं पाणी उतरवायला मदत करतात, गाठ मात्र राहते. मोठ्या किंवा हट्टी गाठींना बाहेरून थोडे किरण देतात, किंवा डोळ्याच्या भिंतीवर किरणोत्सर्गी चकती काही काळ शिवून ठेवतात. अशी रुथेनियम-१०६ची चकती आपल्या ट्रॉम्ब्यात, भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केली आहे, अणुइंधनाच्या उरलेल्या कचऱ्यातून वेगळं काढलेलं द्रव्य वापरून. चेंबूरकडे राहणाऱ्यांनी एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही. तुमच्या पत्रातल्या गाठीला बहुधा तिची गरज पडणार नाही.

दर महिन्याला तोच फोटो काढायचा विचार सोडून द्या. महिन्याभरात त्यात सांगण्यासारखा बदल सहसा होत नाही आणि तुमची झोप मात्र दर महिन्याला जाईल. पाण्यासाठी ओसीटी बघायचा. तो पाण्याची जाडी मोजून देतो. स्वयंदीप्तीचा फोटो डॉक्टर सांगतील तेव्हा, उपचाराआधी एक आणि नंतर काही महिन्यांनी एक, असा पुरे. पण तो काढाल तेव्हा त्याच मशीनवर काढा, हे मी तुम्हालाच नव्हे, डोळ्यांची फाइल काखेत घेऊन एका सेंटरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. काही मशीन निळा प्रकाश वापरतात, काही हिरवा. हिरव्यात मधली सावली फिकी दिसते. वर प्रत्येक मशीन उजेड आपल्या आपण कमी-जास्त करून घेतं. मालाडच्या एका मशीनवरचा आणि दादरच्या दुसऱ्या मशीनवरचा फोटो शेजारी ठेवून 'उजेड वाढला' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या वजनकाट्यांवर उभं राहून वजन वाढलं म्हणण्यासारखं. आणि ज्या दिवशी पिवळ्या रंगाची अँजिओग्राफी असेल त्या दिवशी हा फोटो रंग टोचण्याआधी काढायला सांगा. नंतर काढला तर त्या रंगाचाच उजेड फोटोत येतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून तर कोणीच काही बोलू नये, भाऊजींनी नाही आणि मीही नाही. मूळ फोटो सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. तो तुमचा आहे.

तुमच्या यजमानांना परळला जायचं आहे. मी त्यांना हसणार नाही. घाबरलेल्या माणसाला पत्ता हवा असतो आणि मुंबईत कॅन्सर म्हटलं की पत्ता परळ. पण तुमच्या डोळ्याला हवा आहे तो डोळ्यातल्या गाठी रोज बघणारा डॉक्टर, म्हणजे ऑक्युलर ऑन्कोलॉजीचं काम करणारा. असे डॉक्टर मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या नेत्रविभागांत असतात, खासगी नेत्ररुग्णालयांतही असतात. दुसरं मत घ्यायला नक्की जा, दोघं मिळून जा. फाइलमधले सगळे फोटो न्या, फक्त रिपोर्टचे कागद नकोत. तुमच्या डॉक्टरांना सांगून जा. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच तर तेही कळलेलं बरं.

राहिले सासरे. त्यांची भीती वैद्यकीय म्हणून अगदी लंगडी आहे. एक तर गोलाकार, एकाच जागी असलेला हा हिमँजिओमा वंशपरंपरेने येत नाही. इंटरनेटवर दिसणारे आनुवंशिक प्रकार वेगळे, ते पडद्यातल्या दुसऱ्या गाठींचे. चेहऱ्यावर जन्मापासून लाल वाइनच्या रंगाचा मोठा डाग असतो त्या विकारात पसरट हिमँजिओमा होतो, तोही तुमचा नव्हे. आणि दुसरं म्हणजे, सुनेच्या डोळ्यातली गाठ नणंदेच्या रक्तात कुठल्या वाटेने शिरणार? पण मला माहीत आहे, मुलगी बघायला आलेली माणसं रक्ताचं नातं तपासत नाहीत, कुजबुज तपासतात. सासऱ्यांना हे तीस वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा 'ट्युमर' हा शब्द त्यांच्यापुरता बाजूला ठेवायला हरकत नाही. 'डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा पुंजका आहे, त्यातून पाणी झिरपतंय, त्याचं लेसर करायचं आहे.' यात एकही शब्द खोटा नाही आणि कोणाच्या कपाळाला आठी पडणार नाही. चार माणसांत एवढंच सांगा.

फक्त लपवण्यापायी उपचाराची तारीख नणंदेच्या साखरपुड्यानंतर ढकलू नका. हे मात्र सासऱ्यांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगू द्या. ते काम त्याचं आहे. नणंदेलाही विचारून बघा हवं तर. मला वाटतं, या सगळ्यात तिला कोणी विचारलेलंच नाही.

घरी एक काम करायचं ते सांगते. त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल असेल. रोज सकाळी चहा ठेवला की चष्मा लावून, ठरलेल्या एकाच जागी उभं राहून, आधी उजवा डोळा झाका आणि डाव्याने ग्रिलच्या एका जोडाकडे बघा, मग उलट. किती गज वाकडे दिसतात ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत आकड्याने लिहा. आकडा चढत गेला, मधोमध काळा ठिपका आला, किंवा अंधारात लख्ख प्रकाशाच्या रेघा दिसायला लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी जा. आणि जाताना यजमानांना घेऊन जा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की पुढचे चार-सहा तास अक्षरं पुसट होतात आणि उजेड टोचतो. त्या डोळ्यांनी इंडिकेटर वाचत संध्याकाळची फास्ट पकडू नका. केसपेपरवर काय लिहिलंय तेही त्या दिवशी त्यांनाच वाचू द्या.